कळणा-कोंडा

'कोंड्याचा मांडा करणारी बाई' असं आपण कुणाचं कौतुक करतो तेव्हा डोळ्यासमोर मांडा येतो, कोंडा येत नाही. कोंडा खायची वेळ कुणावर आली होती, कधी आली होती, आणि त्याचा मांडा करायला त्या बाईकडे नेमकं काय होतं, हे विचारायची पद्धत नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाची उत्तरं अजून ताटात सापडतात, म्हणून हा लेख. नातेवाईक मंडळींनी सांभाळून घ्यावं, काही गोष्टी घरच्याच आहेत.

कळणा या शब्दापासून सुरुवात करते. जात्यावर उडीद-मूग-तूर भरडायची, पाखडायची, डाळ वेगळी करायची. यात जे तुकडे, साल आणि पीठ मागे उरतं तो कळणा. डाळ चांगली, म्हणून ती विकायची किंवा पाहुण्यासाठी ठेवायची. साल-चुनी गाईम्हशींना. आणि मधला जो कळणा, तो ज्वारीत मिसळून दळायचा आणि त्याची भाकरी थापायची. म्हणजे ही भाकरी मुळात उरल्यासुरल्याची. आज घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडे आणि पुढे खानदेशात 'कळण्याची भाकरी' म्हणून जी मिळते, तिच्यात अख्खे काळे उडीद मुद्दाम विकत आणून घातलेले असतात. हायवेवरच्या 'गावरान' पाटीच्या हॉटेलात ती ठेच्याबरोबर मिळते आणि तिचे पैसे साध्या भाकरीपेक्षा जास्त लागतात. कळणा बाजूला राहिला, नाव तेवढं राहिलं.

(बाहेरच्या वाचकांसाठी: आमचा जिल्हा दोन मजली आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा 'घाटावरचा' भाग. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हा 'घाटाखालचा'. खालची जमीन काळी आणि खोल, वरची बरीचशी हलकी. त्यामुळे ताटंही थोडी वेगळी. आम्ही घाटावरचे.)

गरिबाच्या जेवणाला इतका मान देणारा दुसरा जिल्हा मला माहीत नाही, आणि त्याचं कारण शेगाव. २३ फेब्रुवारी १८७८ हा गजानन महाराजांचा प्रकट दिन. दासगणूंनी लिहिलेल्या 'श्री गजानन विजय' या एकवीस अध्यायांच्या पोथीत ती गोष्ट आहे. देविदास पातुरकरांच्या घरी कार्य होतं, जेवणावळी उठल्या होत्या, उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकल्या होत्या, आणि महाराज त्यांवरची शितं वेचून खात बसले होते. बंकटलाल अग्रवालांनी ते पाहिलं. मग भरलेलं ताट आणवलं, तर त्यांनी सगळं एकत्र कालवून खाल्लं आणि जनावरांच्या पाण्यावर जाऊन पाणी प्यायले.

भक्त या गोष्टीकडे 'अन्न हे ब्रह्म' म्हणून पाहतात आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यातलं साल दिसतं. १८७६ ते १८७८ ही दख्खनमधली भीषण दुष्काळाची वर्षं. वऱ्हाड त्या तडाख्याच्या काठावर होता, तरी टाकलेल्या शिताची किंमत तेव्हा पोथी ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरात कळत असणार. पोथीत पुढे भाऊ कवर नावाच्या तरुणाची गोष्ट येते. महाराजांसाठी ज्वारीची भाकरी, कांदा, अंबाडीची भाजी अशी शिदोरी घेऊन तो निघतो, त्याची आगगाडी चुकते, आणि इकडे महाराज समोर आलेली पक्वान्नं सोडून त्याच्या भाकरीसाठी ताटकळत राहतात. आजही प्रकट दिनाला आणि ऋषिपंचमीला घरोघरी नैवेद्य असतो तो पिठलं, भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा आणि हिरवी मिरची. (८ सप्टेंबर १९१० ला महाराजांनी समाधी घेतली तो दिवस ऋषिपंचमीचा. आणि ऋषिपंचमीचा मूळ उपास बैलाच्या श्रमाचं न खाण्याचा. रानातलं, परसातलं, हातानं लावलेलं तेवढं खायचं. कॅलेंडरवर नांगराच्या आधीच्या जेवणाची एक तिथी शिल्लक आहे म्हणायची!)

आता हे जेवण नीट पाहा. यात एकही जिन्नस असा नाही की जो शेताबाहेरून आणावा लागत होता, मीठ सोडून. ज्वारी शेतातली. हरभरा रब्बीचा, तो दळला की बेसन. (आमच्याकडे पिठल्यालाही 'बेसन'च म्हणतात.) अंबाडी धुऱ्याच्या कडेनं किंवा ज्वारी-कपाशीच्या तासांमध्ये पेरलेली. तिचा पाला भाजीला, साल दोरखंडाला, बी तेलाला. भाजी आंबट, म्हणून चिंच नको. ती शिजताना मूठभर ज्वारीच्या कण्या टाकल्या की डाळ थोडीच पुरे. फोडणीला करडीचं किंवा तिळाचं तेल. स्वस्त जेवण म्हणजे कमी पैशाचं जेवण असं आपण समजतो, पण हे जेवण करताना पैसा मध्ये येतच नव्हता. त्यामुळे ते टिकून राहायचं की नाही हे बाजारभावावर नाही, शेतात काय पेरलं आहे त्यावर ठरत होतं.

आणि शेतात काय पेरायचं हे एकोणिसाव्या शतकात दुसरंच कुणी ठरवायला लागलं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर आली. भुसावळहून निघालेला लोहमार्ग १८६७ पर्यंत नागपूरला पोचला, तो मलकापूर, नांदुरा, शेगाव असा आमच्या घाटाखालून गेला. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकला. खामगावसारख्या गावाला रेल्वे मिळाली ती कापसाच्या बाजारासाठी, माणसांसाठी नव्हे. लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातल्या वऱ्हाडच्या कापूस आणि दुष्काळावर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे (१९९७ सालचं). त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: कापूस वाढला तसं खायचं धान्य, गायरान आणि गावातला साठा कमी झाला, म्हणून पाऊस गेल्यावर लोकांच्या हातात काही उरलं नाही.

१८९९-१९०० मध्ये तेच झालं. राजस्थान-गुजरातेत ज्याला 'छप्पनिया' म्हणतात तोच हा दुष्काळ. माइक डेव्हिस हा अमेरिकन इतिहासकार सत्यांच्या आधारे आकडा देतो: वऱ्हाडात उपासमारीनं थेट १,४३,००० माणसं मेली, आणि त्याच काळात प्रांतातून कापसाच्या गठड्यांबरोबर धान्यसुद्धा बाहेर गेलं. हे मी दोनदा वाचलं. कोंड्याचा मांडा करायला निदान कोंडा तरी घरात लागतो. पेवं रिकामी, धान्य गाडीत आणि गाडी मुंबईच्या दिशेला, तिथे सुगरण काय करणार? अशा वेळी लोक रानात जात. तरोटा, घोळ, चिवळ, कुंजर, पाथरी, तांदुळजा. पाऊसच नसला तर हेही नाही. आणि काही गोष्टी दुष्काळात उगवतात त्या खाव्यात की नाही हाही प्रश्नच. लाखेची डाळ घ्या. बाकी सगळं जळालं तरी लाख पिकते, म्हणून लोक महिनोन्महिने तीच खात, आणि सतत खाल्ल्यानं कित्येकांचे पाय कायमचे लुळे पडले. पुढे १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली ती यामुळेच. 'उपलब्ध साहित्यात स्वयंपाक' या गोड शब्दांच्या आत असलंही काही असतं.

असो. १८९९ ची आठवण सांगणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. १९७२ ची सांगणारी आजी होती.

बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की मराठवाडा, नगर, सोलापूर डोळ्यापुढे येतात. पण मराठवाड्याला लागून असलेल्या आमच्या घाटावरही विहिरींनी तळ गाठला होता. सरकारनं ठिकठिकाणी कामं काढली: पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती, खडी फोडणं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं या कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा पाया याच काळात पक्का झाला. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. कामावर सुकडी मिळायची, पोरंबाळं तीवर जगली. आणि रेशनवर मिळायची मिलो.

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. 'डुकरांना घालतात ती आम्हाला दिली' हे वाक्य त्या पिढीच्या प्रत्येकाकडून ऐकायला मिळतं. तिकडे ही ज्वारी मुख्यतः जनावरांसाठीच पिकते, तेव्हा त्यात खोटं काही नाही. पण आजीचा राग अपमानाचा नव्हता, पिठाचा होता. "त्या पिठाले विरीच नव्हती व माय," असं ती म्हणायची.

विरी हा शब्द ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गव्हात चिवटपणा असतो तसा ज्वारीत नसतो. ज्वारीचं पीठ एकत्र राहतं ते ताजेपणावर, गरम पाण्यावर आणि तळहातानं मळण्यावर. जुन्या दाण्याचं किंवा जुन्या दळणाचं पीठ थापताना कडेनं फाटतं, तव्यावर टाकताना तुटतं. याला विरी जाणं म्हणतात. बोटीतून, गोदामातून, महिनोन्महिन्यांचा प्रवास करून आलेल्या मिलोची विरी कुठे राहणार? भाकरीचे तुकडे व्हायचे, आणि तुकडे झालेली भाकरी फडक्यात बांधून कामावर नेता येत नाही. हा चवीचा प्रश्न नव्हता. दुपारी तलावाच्या खोदकामावर हातात धरून खाता येईल असं काहीतरी हवं होतं.

आजीनं काय केलं? पहिला उपाय सगळ्यांनाच ठाऊक असलेला: उकड. पाण्याला उकळी आणायची, मीठ टाकायचं, त्यात पीठ वैरून झाकून ठेवायचं आणि गरम असतानाच मळायचं. यानं अर्धं काम व्हायचं. दुसरा उपाय तिच्या माहेरचा. माहेर घाटाखालचं, म्हणजे कळण्याच्या मुलखातलं. बळदात आदल्या वर्षीचे थोडे उडीद होते. पायलीभर मिलोला मूठभर उडीद घालून ती दळायला लागली. उडदाचं पीठ ओलं झालं की चिकट होतं, ते मिलोला धरून ठेवायचं. भाकरी काळपट लाल दिसायची, पण मोडायची नाही. आळीतल्या बायका विचारायला आल्या, आणि मग ज्यांच्याकडे उडीद होते त्यांनी तसं केलं. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी मिलो जाडी भरडून कण्या शिजवल्या. कण्यांना विरी लागत नाही. ताक असेल तर ताकाशी, नसेल तर मिरची-मिठाच्या पाण्याशी.

म्हणजे पहा, कळणा कुणा काळी उरलेलं संपवायला निघाला, आणि बहात्तरमध्ये तोच परदेशी धान्याला सांधायला उपयोगी पडला. हे ज्ञान कुठल्या पाककृतीच्या पुस्तकात नव्हतं. लग्न होऊन घाट चढून आलेल्या बाईबरोबर आलं.

कोरड्यासाला काय? बाहेर हिरवं काही नाही. मग वाळवणाचा डबा. सुकवलेली हरभऱ्याची भाजी चुरून, मुगाच्या वड्या, खारोड्या. येसर पाण्यात कालवून उकळला की डाळीशिवाय आमटी. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाला एकत्र दळून ठेवलेला. लग्नात मुलीबरोबर द्यायची ती वस्तू, दुष्काळात रोजची झाली. तेल नव्हतं, तर मिरच्या कोरड्या तव्यावर भाजून, जवस भाजून, दोन्ही दगडावर ठेचून चटणी; जवसाचंच तेल सुटायचं. ही चटणी आम्ही आज आवडीनं खातो. आजीला ती आवडत नसे. कधी कुणी फार कौतुक केलं तर म्हणायची, "तुमाले चव लागते. आमाले भूक लागे."

आणखी एक गोष्ट ती सांगायची, पण क्वचित. भाकरी मोजून असायच्या. कामावर जाणारे गडी, मग पोरं, मग सासूसासरे, आणि शेवटी सुना. शेवटच्या पाळीला बहुतेक कण्यांचं पाणी राही. सुगरणपणाच्या गोष्टींत हा हिशेब येत नाही. दोन तास दळण, कोसभर पाणी, वर दिवसभर खडी फोडणं, आणि त्यातून जो मांडा झाला तो दुसऱ्याच्या ताटात. त्यामुळे 'जुनं जेवण किती पौष्टिक आणि साधं होतं' अशी वाक्यं माझ्याच्यानं लिहवत नाहीत. साधं होतं, हे खरं.

पुढचा बदल मात्र दुष्काळानं नाही, भरभराटीनं झाला. संकरित ज्वारी (पहिला वाण सीएसएच-१, १९६४ सालचा) आली. 'हायब्रीड' लवकर यायची, त्यामुळे कधी पावसात सापडून दाणा काळा पडायचा. उंचीही कमी, म्हणून कडबा कमी. पण पीक भरपूर. मग रेशनवर गहू-तांदूळ नियमित झाले आणि पोळी सणाची न राहता रोजची झाली. आणि १९९० नंतर सोयाबीन. आज खरिपात आमच्याकडे जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. त्याला भाव असेल तर घरात टीव्ही येतो, मुलीची फी भरली जाते, हे मी पाहिलेलं आहे, त्यामुळे नावं ठेवणार नाही. पण सोयाबीन शेतातून घरात येत नाही, थेट मार्केट यार्डात जातं. कपाशीसारखंच. त्याच्या तासांमध्ये अंबाडी नाही, बरबटी नाही, आणि तणनाशक मारलेल्या वावरात चिवळ-कुंजरही नाही.

जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचं गाव आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात. मधे खड्ड्यात मातीची ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, त्यावर पापड, कुरडई, वडा असले पदार्थ, आणि भोवती गोलाकार अठरा प्रकारचं धान्य. रात्रीत कुठलं धान्य हललं, कुठला पदार्थ सरकला यावरून दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत. भाकितावर माझा विश्वास नाही. पण दरवर्षी बातमी आली की मी धान्यांची नावं वाचते: ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, तीळ, जवस, करडी, मसूर, लाख, भादली, अंबाडी... यातल्या किती आता आपल्या शिवारात पेरल्या जातात? आमच्या पुतण्यांना भादली दाखवली तर ओळखता येणार नाही. आजीच्या स्वयंपाकघराची अख्खी यादी त्या वर्तुळात आहे. तिला आयत्या वेळी जे सुचायचं त्यामागे हे अठरा होते. एकानं दगा दिला तर दुसरं.

उलटंही झालं आहे. १९९५ मध्ये राज्य सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर केंद्रं काढली. ती फार काळ टिकली नाहीत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्याचा दर किलोला एक रुपया लिहिला होता, पण आमच्याकडे रेशनच्या दुकानात आले ते गहू आणि तांदूळ, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट. त्याच २०२३ ला संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, आणि शहरात ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली. तेव्हा आज गावात ज्याच्याकडे काही नाही तो पोळी-भात खातो, आणि भाकरी डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलेले लोक खातात. यात वाईट वाटून घेण्यासारखं किती आणि समाधान मानण्यासारखं किती, माझं मलाच ठरवता येत नाही. १८९९ च्या आकड्याशेजारी ठेवलं तर फुकटचा गहू ही लहान गोष्ट नाही.

आमच्या गावी चुलत वहिनी अजून विहिरीजवळ अंबाडीचे दोन तास ठेवते. कारण प्रकट दिन. तो येतो माघात, तेव्हा शेतात हिरवी अंबाडी नसते, म्हणून पाला आधीच खुडून सावलीत वाळवायचा आणि डब्यात भरायचा. त्यातली एक पिशवी मला येते. करायची पद्धत सोपी आहे. मूठभर पाला गरम पाण्यात भिजवायचा, पहिलं पाणी ओतून द्यायचं, नाहीतर फार आंबट होते. तुरीची थोडी डाळ, तिच्या निम्म्या कण्या (मिक्सरमध्ये ज्वारी फिरवली तरी होतात), थोडे शेंगदाणे, एकत्र मऊ शिजवून घोटायचं. वर लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. तेल जरा सढळ घाला. आजी शेवटी शेवटी तसंच घालायची, आणि कुणी काही बोललं तर भांडायची.